भराव

सरांच्या तोंडातून उडालेला थुंकीचा एक बारीक थेंब तिच्या उजव्या हातावर, अंगठ्याच्या मुळाशी येऊन पडला तेव्हा कॅमेरा चालू होता, म्हणून तिला तो पुसता आला नाही. हात लॅपटॉपवर होता. सरांनी मान हलवली की कळ दाबायची आणि मागच्या पडद्यावर कृष्णविवर फिरवायचं, एवढंच तिचं काम. थेंब कोमट असेल असं तिला वाटलं होतं, पण तो गार निघाला, आणि पंख्याच्या वाऱ्याने कडेकडेने आकसत सुकायला लागला. ती त्याच्याकडे बघत राहिली. समोर खुर्चीच्या टोकावर बसलेली मुलाखतवाली मुलगी सरांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती. दोन प्रखर दिव्यांनी खोली तापली होती, आणि त्या तापल्या हवेत सरांच्या कोटाचा बंद कपाटासारखा वास, त्यांच्या तोंडातल्या खोकल्याच्या गोळीचा वास आणि तिच्या स्वतःच्या घामाचा वास असे एकमेकांत कालवले गेले होते. चोवीस वर्षं ती या माणसाच्या हाताखाली काम करत होती. इतक्या वर्षांत त्यांच्या थुंकीचे किती थेंब तिच्या अंगावर उडाले असतील कोण जाणे, आणि आजच्या या एकाने तिला वाटलं, हात मनगटापासून काढून ठेवता आला असता तर बरं झालं असतं.

सर समजावून सांगत होते, आणि छान सांगत होते. हे तर तिला आजही नाकारता येईना. कृष्णविवर नुसतं बसून गिळत नाही, ते म्हणाले. ते स्वतःभोवती फिरतं, आणि फिरताना आजूबाजूची जागाच आपल्याबरोबर ओढून नेतं, जशी घट्ट खळ मधोमध ढवळली की कडेचीही फिरायला लागते. त्या ओढीत चुंबकीय रेषा सापडल्या की पिळल्या जातात. हे दाखवायला त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि दोन टोकं धरून पिळला. रुमाल वापरलेला होता. एका कोपऱ्यावर वाळलेला पिवळट चट्टा होता आणि पीळ बसला तसा तो चट्टा नेमका वर आला, अगदी कॅमेऱ्यासमोर. मुलाखतवालीने पापणीसुद्धा हलवली नाही. पीळ वाढत जातो, सर म्हणाले, शेवटी रेषा तुटतात आणि दुसऱ्याच रेषांशी जुळतात. त्या तुटण्याच्या झटक्याने तापलेल्या वायूचे दोन झोत उडतात. एक फिरण्याच्या दिशेने बाहेर, दुसरा उलट दिशेने आत. आत पडणाऱ्याची ऊर्जा शून्याच्याही खाली गेलेली असते. "म्हणजे कृष्णविवर उणं गिळतं," सर म्हणाले, "आणि ते जेवढं उणं झालं तेवढं बाहेरचा झोत घेऊन पळतो. कृष्णविवर तेवढंच मंद होतं." आजवर सगळे समजत होते की हे फार वेगाने फिरणाऱ्यांनाच जमतं. सरांच्या गटाने दाखवलं होतं की संथ फिरणाऱ्या कृष्णविवरातूनही ऊर्जा काढता येते. शंभर आत ओता, एकशे अकरा बाहेर. त्यांनी मान हलवली. तिने कळ दाबली. पडद्यावर ते फिरायला लागलं, नारिंगी, ओलसर, मधे काळं. घसा दाखवायला कोणी आ केलेला असावा तसं. रंग तिनेच निवडले होते.

मग मुलाखतवालीने विचारलं की उद्या माणसाला यातून वीज मिळेल का. असले प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना सर पूर्वी वर्गाबाहेर काढायचे. आज ते हसले आणि म्हणाले, का नाही, आमच्या नातवंडांच्या नातवंडांना मिळेलही. तिने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. चित्रण संपलं, दिवे विझले, आणि मुलीने वहीत लिहून घेण्यासाठी तिच्याकडे वळून नाव विचारलं. ती तोंड उघडणार तेवढ्यात सर रुमाल खिशात कोंबत म्हणाले, "त्या आमची संगणकाची बाजू सांभाळतात." मुलीने हो हो म्हटलं आणि वही मिटली.

हात धुवायला ती बाथरूममध्ये गेली. साबण तीनदा लावला. बेसिनच्या जाळीत कोणाचे तरी केस गुंतले होते आणि त्यांच्याभोवती फेसाची राखाडी साय धरली होती. हात घासता घासता तिला वाटलं, आपण उगाच सरांच्या नावाने खडे फोडतो आहोत. घाण त्यांच्या रुमालात आहे ती आहेच, पण गेले एकोणीस दिवस आपल्या तोंडात जी चव आहे ती काही त्यांच्या रुमालाची नाही. एकोणीस दिवसांपूर्वी, एका कंटाळवाण्या दुपारी, तिला भराव सापडला होता. सापडला म्हणजे काय, तो तिनेच घातला होता. संगणकाला पोकळी सहन होत नाही. जिथे काहीच उरत नाही तिथे आकडे फुटतात, गणित कोसळतं, म्हणून प्रत्येक रिकाम्या घरात चिमूटभर खोटं द्रव्य टाकत राहायचं. सगळेच टाकतात, तिच्या खोलीत त्याला भराव म्हणायचे. तो इतका कमी असावा लागतो की उत्तराला त्याचा पत्ता लागू नये. त्या दुपारी दुसरंच काही तपासताना तिने भराव निम्मा केला, आणि बाहेर येणारी ऊर्जा एकशे अकरावरून एकशे सहावर आली. तिने पुन्हा चालवून पाहिलं. एकशे सहा. म्हणजे चुंबकीय रेषा तिचाच भराव उचलून बाहेर फेकत होत्या आणि ती त्यालाच कृष्णविवराची ऊर्जा म्हणून मोजत होती. भराव आणखी कमी केला असता तर किती आलं असतं? एकशे तीन? शंभर? शंभर आलं तर सगळंच संपलं; तेवढं तर आपणच आत ओतलेलं. याहून कमी भरावाला तिचा प्रोग्रॅम कोसळायचा, म्हणून ते कळायला मार्ग नव्हता. निदान असं तिने स्वतःला सांगितलं होतं. प्रोग्रॅमचा तो भाग मुळापासून नव्याने लिहावा लागेल, महिने जातील, आणि शोधनिबंध तर आधीच छापून आला होता, लोक पत्रं पाठवत होते, सरांना कुठल्याशा मोठ्या मानासाठी विचारात घेतलं जात होतं. तिने फाइल मिटली. जेवायला गेली. त्या दिवशी तिला चांगली भूक लागली होती, हे आठवून आता तिने पुन्हा हात घासले.

आणि रुमालाचंच म्हणायचं तर, सरांची पहिली आठवणही थुंकीचीच होती. तेवीस वर्षांची असताना तिने प्रबंधाचा पहिला खर्डा त्यांच्यापुढे ठेवला, आणि त्यांनी बोट जिभेवर टेकवत एकेक पान उलटलं. एकशे चाळीस पानं. एकही गाळलं नाही. प्रत्येक पानाचा उजवा खालचा कोपरा ओला होऊन किंचित वर वळला होता. तिचं लिहिलेलं आयुष्यात पहिल्यांदाच कोणी शेवटपर्यंत वाचलं होतं. घरी आल्यावर तिने त्या कोपऱ्यांवरून बोट फिरवून पाहिलं होतं, आणि तेव्हा तिला काही म्हणजे काही घाण वाटलं नव्हतं. तोच माणूस, तीच जीभ. मग शिसारी येते ती कशाची? की किळस ही आधीपासून असतेच, आणि गरज संपली की तेवढी जाणवायला लागते? या विचाराने तिला फारच ओशाळल्यासारखं झालं. तिने नळ बंद केला. हात लालभडक झाला होता.

दुपारी कँटीनमध्ये बसवेना. चहावर साय धरली, ती चमच्याने बाजूला केली तर चमच्यालाच चिकटून बसली. ती उठली आणि चालत सुटली, आणि पाय ताईकडे वळले. ताई तिच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा ही आठ वर्षांची होती. ताईने शिक्षण सोडलं आणि इस्पितळाच्या धुलाईखान्यात लागली, ती अजून तिथेच होती, आता तिथली मुकादम म्हणून. इस्पितळाच्या मागच्या अंगाला उतरत्या वाटेने गेलं की तळघराचं दार लागायचं. दारातूनच तो वास भेटायचा: वाफ, क्लोरिन, आणि त्या दोघांच्या खाली दबलेलं रक्त, मूत, पू, जे काय माणसातून निघतं ते सगळं. लहानपणी ताई घरी आली की तिच्या हातांना तो वास असायचा. तेरा वर्षांची असताना एकदा तिने ताईच्या हातचा घास तोंडापाशी आला तसा मान फिरवून नाकारला होता. ताईने घास परत ताटात ठेवला, उठून पुन्हा हात धुवून आली आणि म्हणाली, आता खा. ती खायलाच तयार नव्हती. दुसऱ्या दिवसापासून ताई तिला पान वाढून द्यायची आणि स्वतः बाहेर पायरीवर जाऊन बसायची. कॉलेजात कोणी विचारलं की ती सांगायची, बहीण इस्पितळात असते. लोक समजायचे नर्स, आणि ती त्यांना समजू द्यायची.

ताई लांब टेबलापाशी उभी राहून मळक्या चादरी निवडत होती. कोपरापर्यंत रबरी मोजे, डोक्याला फडकं. मागे पिळायचं यंत्र पूर्ण वेगात फिरत होतं आणि सगळी जमीन थरथरत होती. "छोटी, तू या वेळी?" एवढंच तिने विचारलं आणि हात चालूच ठेवले. रक्ताच्या एका ढिगात, मळाच्या दुसऱ्या, नुसत्या घामाच्या तिसऱ्या. चादर उलगडायची, बघायची, टाकायची. तिच्या चेहऱ्यावर किळस नव्हती, आणि किळस गिळल्याचं समाधानही नव्हतं. भाजी निवडताना असावा तसा तो चेहरा होता. यंत्राच्या आवाजावर आवाज चढवून तिने ताईला सगळं सांगितलं. कृष्णविवर ताईला थोडंफार माहीत होतं. बहिणीचा पोटापाण्याचा विषय म्हणून तिने ते मागे एकदा नीट समजून घेतलं होतं. भरावही तिला लगेच कळला. पातेल्यात आधीच पाणी होतं आणि तू म्हणालीस दूधच वाढलं, ती म्हणाली. मग तिने विचारलं की सरांना सांगितलं का. नाही. किती दिवस झाले? एकोणीस. ताईने एक चादर उलगडली, बघितली, टाकली.

आपल्याकडूनही एकदा असं झालं होतं, ताई सांगू लागली. नवीन होती तेव्हा. संसर्गाच्या वॉर्डातलं एक गाठोडं चुकून साध्या ढिगात गेलं आणि धुऊन निघालं, तेही कमी तापलेल्या पाण्यात. चादरी वर गेल्या, सहा वॉर्डांत अंथरल्या गेल्या. तिच्या लक्षात आलं ते रिकामं गाठोडं घडी करताना, त्याची संसर्गाची लाल नाडी बघून. कोणाला माहीत नव्हतं, कोणाला कळलंही नसतं. शेवटी ती वर गेली आणि मोठ्या सिस्टरला सांगितलं. सहाही वॉर्डांतल्या खाटा मोकळ्या करून चादरी परत मागवल्या. आजारी माणसांना उठवून खुर्च्यांवर बसवावं लागलं. सगळ्यांनी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. कोणाला काही बाधलं नाही हे नशीब.

"लगेच गेलीस वर?" तिने विचारलं.

"नाही ना. दोन तास बसून होते इथे, या टेबलाखाली." ताईने मोज्याच्या पाठीने कपाळ खाजवलं. "इथल्या वासाचं मला काही वाटत नाही गं. पण त्या दोन तासांचा वास अजून येतो."

यंत्र हळू होत होतं. जमिनीची थरथर पायांतून खाली उतरली. ताईने मोजे काढले, हात धुतले, डबा उघडला आणि खातेस का म्हणून विचारलं, अगदी सहज. ती हो म्हणाली. त्यांनी दोघींनी उभ्याउभ्याच खाल्लं. वास होताच. घास घशाखाली उतरेना, ती चावत राहिली, चावत राहिली, आणि ताई दुसरीकडे बघत उभी होती. शेवटी तो उतरला.

सर पाचच्या आत निघायचे म्हणून ती झपाझप चालत परत आली. ते खोलीत एकटेच होते. बिस्किट चहात बुडवून खात होते. अर्धं तुटून कपात पडलं होतं आणि ते बोटाने शोधत होते. ती बसली नाही. उभ्यानेच तिने सांगितलं: भराव निम्मा केला की एकशे सहा येतात, दोनदा पाहिलं, आपलं उत्तर खरं नाही, निदान जेवढं सांगितलं तेवढं नाही. वाटेत तिने वाक्यं जुळवली होती, ती सगळी चार दमांत संपली. सरांनी बोट कपातून काढलं, बघितलं, बशीच्या कडेला पुसलं. ते चिडतील असं तिला वाटलं होतं, किंवा कोसळतील. ते म्हणाले, शंका मलाही होती. आकडा फार गोंडस होता. या म्हाताऱ्याने विचारायचं टाळलं, कारण विचारलं असतं तर तू तपासलं असतंस. हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं की तिच्या मनात जमवून ठेवलेला राग टेकायला जागाच सापडेना.

मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. शेवटचं कधी पाहिलं होतं, तिला आठवत नव्हतं. "कळून किती दिवस झाले?"

"एकोणीस."

"आणि सांगायला आलीस आज. मुलाखतीनंतर." त्यांनी कप बाजूला सरकवला. "सकाळी मी तुझं नाव घेतलं असतं, तर आली असतीस का?"

बाहेरच्या व्हरांड्यात कोणी तरी बादली ओढत नेत होतं. ती उत्तर शोधत नव्हती. उत्तर समोरच होतं, आणि ते त्या कपातल्या लगद्यासारखं होतं, मऊ, कोमट, आकार गेलेलं. दिवसभर ती जिला किळस समजत होती ती मत्सराचीच आंबलेली बाजू होती. त्यांची थुंकी, त्यांचा रुमाल, नातवंडांच्या नातवंडांची वीज, सगळं तिला चाललं असतं. वहीत तिचं नाव लिहिलं गेलं असतं तर ती घरी जाऊन हात पुसून जेवली असती.

"कदाचित नसते आले," ती म्हणाली.

सरांनी मान हलवली. त्यांना जिंकल्यासारखं वाटलं असेल तर ते दिसलं नाही. मग राहू दे ना, ते म्हणाले. आपण दोघंही एकाच माळेचे मणी, आणि बाकीचे लोक काय, दोन वर्षांत आपसूक शोधून काढतील, तोवर माझं आवरलेलं असेल. त्यांचा आवाज ओला झाला. तिला त्यांची कीव यायला हवी होती, पण आली ती पुन्हा तीच शिसारी, आणि या वेळी ती दोघांसाठी सारखी होती. तिला एवढंच उमगलं की येण्याचं कारण घाण होतं म्हणून परत जाण्याचं कारण स्वच्छ ठरत नाही. निबंध चुकला असं पत्र मी संपादकांना पाठवणार आहे, ती म्हणाली. सरांनी बशी उचलून कपावर झाकली. मग म्हणाले, पाठव. माझं नाव घालू नकोस.

पत्र तिने दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिलं. अकरा ओळींचं झालं. भराव कोणी घातला, कधी सापडला, सापडल्यापासून किती दिवस ती गप्प राहिली, हेही लिहिलं. संपादकांनी शेवटची ओळ गरज नाही म्हणून काढून टाकली. सात आठवड्यांनी ते छापून आलं. खाली फक्त तिचं नाव होतं. इतक्या वर्षांत एवढं लिहून छापून झालं, पण तिचं नाव एकटं असं कधी छापलं गेलं नव्हतं. नेहमी कोणाच्या तरी आधी नाही तर नंतर, स्वल्पविरामाला धरून. ती ते बघत बसली, आणि तिच्या ध्यानात आलं की आपल्याला बरं वाटतंय, आणि त्या बरं वाटण्याचीही तिला किळस आली. मुलाखत आधीच दाखवून झाली होती. तीत तिचं कोपर दिसलं होतं. कँटीनमध्ये लोक तिच्याशी जरा जास्तच नम्रपणे बोलू लागले, आजाऱ्याशी बोलतात तसं. कुठल्याशा दूरच्या विद्यापीठातल्या एका बाईने लिहिलं की त्या संथ कृष्णविवराच्या मागे लागून आमची दीड वर्षं वाया गेली, आम्हाला वाटलं आम्हीच मूर्ख आहोत, आभारी आहे. त्या पत्राला तिने उत्तर दिलं नाही. आभार घ्यायला हात पुढे होईना. सरांनी मानाच्या यादीतून आपलं नाव स्वतःच काढून घेतलं अशी बातमी आली. खरी की खोटी हे तिने विचारलं नाही, आणि व्हरांड्यात समोरासमोर आले की दोघं भिंतीकडे बघून जायचे.

प्रोग्रॅमचा तो भाग तिने मुळापासून लिहायला घेतला. पोकळीला पोकळीच राहू द्यायचं आणि तरी गणित चालतं ठेवायचं, असा तो प्रकार होता. आठ ठिकाणी कोसळला, आठ वेळा उभा केला. ताईकडे ती दर आठवड्याला जायला लागली. तिथे जाऊन ती काही फार बोलायची नाही, कधी चादरीच्या घड्या घालू लागायची. वासाची तिला सवय झाली नाही. ती होईल ही आशा तिने सोडून दिली.

चौथ्या महिन्यात एका दुपारी गणित शेवटपर्यंत गेलं. ती आकडा बघत होती तेवढ्यात दारात सर उभे दिसले. आत आले नाहीत. कोटाला तोच कोंदट वास होता, तो त्यांच्या आधी आत आला. हनुवटीवर दाढी करताना राहिलेले पांढरे खुंट, ओठाच्या कोपऱ्यात पांढरा फेस. त्यांना कोणी सांगितलं असेल, की त्यांनी येता-जाता पडद्याकडे लक्ष ठेवलं होतं? एक हात चौकटीला होता.

"किती?" ते म्हणाले.

तिने लगेच सांगितलं नाही. ते तिथे तसे उभे आहेत, थुंकी गिळत, आणि आकडा फक्त आपल्यापाशी आहे, याची गोडी तिला जिभेवर स्पष्ट लागली. ती तिने थोडा वेळ चघळली. मग तिला स्वतःचीच इतकी शिसारी आली की तिने खुर्ची बाजूला सरकवली, पडदा त्यांच्याकडे वळवला आणि म्हणाली,

"एकशे दोन."

सर आत आले. खिशातून चष्मा काढला, तो पुसलाही नाही, तसाच डोळ्यांवर चढवला आणि अगदी जवळ, तिच्या खांद्यावरून श्वास टाकत, वाकून बघू लागले. "भराव?" त्यांनी विचारलं. नाही, ती म्हणाली, अजिबात नाही. कडांतून काही आत शिरत नाही ना, तपासलंस? तपासलं. पुन्हा चालव, ते म्हणाले, माझ्यासमोर चालव. तिने कळ दाबली. तीन तास लागणार होते. सरांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि तिच्या शेजारी बसले.